लाडकं पात्र मालिका सोडतं तेव्हा या चुका टाळा

विज्ञानकथेच्या ऑडिओ मालिका लिहिणारी मंडळी मला संहिता वाचायला पाठवतात. पहिले सहा-सात भाग झकास असतात. मग एखादा नट सोडून जातो आणि तिथून सगळ्यांची गाडी त्याच खड्ड्यात जाते. गेल्या महिन्यात तिसऱ्या संहितेत ‘यानाचा स्फोट झाला आणि तो गेला’ असं वाचलं, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढू.

निरोप घ्यायचा असतो, धाडायचा नसतो

आपल्या रोजच्या मालिकांत नको झालेलं पात्र अमेरिकेला जातं, विज्ञानकथेत ते दुसऱ्या ग्रहावर जातं. कारण काहीही द्या हो, पण जाणाऱ्याच्या तोंडून द्या. ‘डॉक्टर हू’ या काळात फिरणाऱ्या डॉक्टरच्या ब्रिटिश टीव्ही मालिकेत 1966 साली डोडो नावाची त्याची सहप्रवासी होती. ‘द वॉर मशीन्स’ या चार भागांच्या कथेत दुसऱ्याच भागात तिला विश्रांतीसाठी खेड्यात पाठवलं आणि शेवटी बेन आणि पॉली ही नवी पात्रं येऊन डॉक्टरला सांगतात की ती काही आता येत नाही. डॉक्टर जरा कुरकुरतो, ते दोघे टार्डिसमध्ये, म्हणजे त्याच्या कालयानात, शिरतात आणि प्रवास पुढे चालू.

मी हसायला मोकळी नाही, कारण मीही हेच केलंय. आमच्या मालिकेत मालवाहू यानावर शकू नावाची इंजिनिअर होती. तिचं काम करणाऱ्या मुलीला बेंगळुरूत नोकरी लागली आणि ती चार दिवसांत गेली. मी घाईघाईने कॅप्टनच्या तोंडी एक ओळ घातली, ‘शकूचा संदेश आलाय, ती मंगळावरच्या तळावर रुजू झाली.’ काम भागलं, असं मला वाटलं. पुढच्या भागात नवा पोरगा म्हणतो, ‘पाना सापडला, इथे उजवीकडेच आहे.’ त्या रात्री मावशीचा फोन. ‘अगं, शकू डावखुरी ना? पाना उजवीकडे कुणी टांगला?’

तिसऱ्या भागात मीच लिहिलं होतं की शकूने अख्खी इंजिनरूम आपल्या हाताच्या सोयीने लावून घेतली आणि त्यावरून बाकीचे तिच्याशी रोज भांडायचे. मी विसरले, मावशी विसरली नव्हती. भाग काढून घेतला आणि पुन्हा लिहिला. नवा पोरगा अंधारात उजवीकडे चाचपडतो, पाना मिळत नाही, वैतागतो. कॅप्टन म्हणतो, ‘डावीकडे बघ.’ मग थोडा वेळ नुसती इंजिनची घरघर. त्या भागाला जेवढी पत्रं आली तेवढी शकू असताना कधी आली नव्हती.

तेव्हापासून निरोपाचं दृश्य मी सगळ्यात शेवटी लिहिते. आधी त्याच्या पुढचा भाग लिहायचा, म्हणजे घरात नेमकं काय कमी झालंय ते आपलं आपल्यालाच कळतं. ही काही पद्धत वगैरे नाही, माझी खोड आहे.

हे नीट कसं करतात ते पाहायचं असेल तर ‘डॉक्टर हू’चीच 1973ची ‘द ग्रीन डेथ’ ही कथा बघा. सहप्रवासी जो ग्रँट हिचं जाणं पहिल्याच भागात सुरू होतं. डॉक्टर तिला मेटेबेलिस-3 ग्रहावर न्यायला निघालेला, आणि ती म्हणते, मी वेल्सला चालले, कोळशाच्या खाणीपाशी. सहाव्या भागात क्लिफर्ड जोन्सशी तिचं लग्न ठरतं, ॲमेझॉनच्या मोहिमेचे बेत होतात, सगळे जल्लोषात. डॉक्टर तिला त्याच ग्रहावरचा निळा स्फटिक भेट देतो, हातातला ग्लास संपवतो, कुणालाही न सांगता बाहेर पडतो आणि आपल्या जुन्या पिवळ्या गाडीतून मावळतीच्या उजेडात एकटाच निघून जातो. गेली ती, पण कॅमेरा राहिलेल्याबरोबर आहे.

मारलं की सुटलं

अधीर नवशिक्यांचा हा लाडका शॉर्टकट. म्हणे मृत्यूने धक्का बसतो. धक्का तर रिक्षासुद्धा देते. ‘डॉक्टर हू’नेच 1982 साली ॲड्रिक या सहप्रवाशाला मारलं आणि शेवटची नामावली संगीताशिवाय, त्याच्या फुटक्या बिल्ल्यावर दाखवली. त्या शांततेला मी आजही मानते. पण पुढची कथा लावा. थोडी रडारड, आणि मन रमवायला डॉक्टर म्हणतो, चला, 1851चं लंडनचं भव्य प्रदर्शन बघायला. आपल्याकडे गोडाचं जेवण निदान तेराव्याला तरी असतं!

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ने 1988 मध्ये टाशा यार या सुरक्षा अधिकारी बाईला एका काळ्या चिखलाच्या राक्षसाकडून सहज, जाता जाता मारलं. तो मृत्यू अर्थहीन होता, हे 1990 मध्ये मालिकेनेच, काळ बदलल्याने ती जिवंत असलेल्या दुसऱ्या कथेत, एका पात्राकडून तिला ऐकवलं आणि तिला पुन्हा, या वेळी स्वतः निवडून, मरणाकडे जाऊ दिलं. चूक दुरुस्त करायला दोन वर्षं लागली.

त्याहून वाईट म्हणजे मारून मग ‘ती मेलीच नव्हती’ म्हणणं. 1986 मध्ये ‘डॉक्टर हू’तल्या पेरी या सहप्रवासी मुलीच्या बाबतीत हे एकाच पर्वात झालं. भयंकर मरण दाखवलं, आणि शेवटी एका वाक्यात कळलं की ती राणी होऊन सुखात आहे. पुढच्या वेळी कोण रडेल?

बाकीच्या, थोडक्यात

ऐन वेळचं लग्न. ‘डॉक्टर हू’मध्येच 1978 साली लीला ही सहप्रवासी एका पहारेकऱ्यांच्या नायकासाठी मागे राहते. सहा भागांत त्यांचं जमलं कधी, ते शोधून दाखवा.

गेलेल्याच्या जागी तसाच दुसरा आणून बसवणं. नवा माणूस नवाच हवा.

पळवाट न ठेवणं. ‘बॅबिलॉन 5’ ही अंतराळ मालिका रचणाऱ्या स्ट्रॅझिन्स्कींनी प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडायचं एक गुप्त दार आधीच आखून ठेवलं होतं. म्हणूनच पहिल्या पर्वानंतर नायक सिंक्लेअर गेला तरी कथा कोसळली नाही, आणि 1996 मध्ये तो दोन भागांसाठी आला तो मालिकेतलं सगळ्यात मोठं कोडं सोडवायला.

नट भांडून गेला आणि निरोपाला आलाच नाही, तर? ‘डॉक्टर हू’मधून काढून टाकलेले डॉक्टर कॉलिन बेकर रूप बदलण्याच्या दृश्यासाठी परतले नाहीत, म्हणून 1987 मध्ये त्यांच्या जागी येणाऱ्या सिल्व्हेस्टर मकॉय यांनाच कुरळा विग घालून जमिनीवर पाडलं होतं. ऑडिओत विगही चालत नाही. म्हणून पहिल्याच रेकॉर्डिंगला मी प्रत्येकाकडून ‘येतो’ किंवा ‘येते’ तीनदा म्हणवून घेते: हसत, दमून आणि रागाने. एका काकांना ते अपशकुनी वाटलं. त्यांनी दोनदाच म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी ‘बसतो’ म्हणाले.