अपघात डोळ्यांदेखत पाहिलेल्या माणसाला सावरताना
घरी आल्या आल्या "नक्की काय झालं, सगळं सांग" असं खोदून विचारू नका. लगेच सगळं वदवून घेतलं की मन मोकळं होतं, हा समज चुकीचा आहे; उलट काहींचा त्रास वाढतो. जवळ बसा, पाणी द्या. तो आपणहून बोलला तर मधे न तोडता ऐका, तीच गोष्ट दहाव्यांदा सांगत असला तरी. "विसरून जा", "तुला तर काही झालं नाही ना" ही वाक्यं टाळाच.

अपघाताचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहू देऊ नका. झोप यावी म्हणून दारू नको, घरातल्या दुसऱ्या कुणाची झोपेची गोळीही नको. हॉर्न ऐकून हात थरथरू लागले, तर पावलं जमिनीवर घट्ट टेकवायला सांगा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं सावकाश घ्यायला लावा. लक्ष त्या प्रसंगावरून आत्ताच्या खोलीत येतं.

दचकणं, वाईट स्वप्नं, "मी धावलो असतो तर" ही टोचणी पहिले काही आठवडे स्वाभाविक आहे. महिनाभरानंतरही ती टिकली, किंवा त्याआधीच रोजची कामं अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जगणं नकोसं झालंय असं म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.