पाच वर्षांच्या तक्त्यात साइट टाकण्याआधी

इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या प्लॅनिंग पॉलिसी टीममध्ये नवीन आलेल्याच्या हाती अनेकदा आधी 'श्ला'चं काम येतं: घरांसाठी कुठे किती जमीन आहे याचा हिशोब. कॉल फॉर साइट्स (लोकांकडून जागा सुचवून घेणं), साइट हिशोबात घेण्यासाठी पाच घरं किंवा ०.२५ हेक्टरची किमान मर्यादा हे तुम्ही वाचलेलं असेलच. त्याला घाबरू नका. ग्रीन बेल्ट (शहराभोवतीचा, बांधकामापासून राखलेला पट्टा), पुराचा झोन ३बी (पुराचं पाणी साठू द्यायची जमीन) हे नकाशावर दिसतं, आणि जे दिसतं ते लवकर अंगवळणी पडतं.

अडकवतं ते 'डिलिव्हरेबल', म्हणजे पाच वर्षांत जिथे घरं खरंच उभी राहतील अशी साइट. मला हे कोणी नीट समजावलं नव्हतं, म्हणून फोड करून सांगते. २०१८ साली एनपीपीएफमधली (इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणातली) व्याख्या कडक झाली. तपशीलवार परवानगी असलेली साइट, किंवा परवानगी मिळालेली दहापेक्षा कमी घरांची छोटी साइट, परवानगीची मुदत संपेपर्यंत पुढच्या पाच वर्षांच्या घरांच्या तक्त्यात धरायची. तिथे घरं होणार नाहीत असा स्पष्ट पुरावा असेल तरच वगळायची. पण मोठ्या साइटला नुसती आउटलाइन परवानगी (तत्त्वतः होकार, तपशील नंतर) असेल, किंवा ती लोकल प्लॅनमध्ये फक्त राखून ठेवलेली असेल, तर सगळं उलटं. पाच वर्षांच्या आत घरं पूर्ण व्हायला लागतील याचा स्पष्ट पुरावा तुम्ही द्यायचा. तो नसेल तर साइट तक्त्यात टाकूच नका.

विकासकाचा 'लवकरच सुरू करतोय' असा दोन ओळींचा ईमेल म्हणजे पुरावा नव्हे. रिझर्व्ह्ड मॅटर्सचा, म्हणजे आउटलाइननंतर उरलेल्या तपशिलांचा, अर्ज कुठवर आलाय? रस्त्याचा पैसा कोण देतंय? फाटकापुढची चिंचोळी पट्टी दुसऱ्याच कुणाच्या नावावर तर नाही? वर्षाला किती घरं बांधणार, हे लेखी घेतलंय?

समजा, वर्षाला ६०० घरांची गरज आहे. पाच वर्षांच्या ३,०००, त्यावर ५ टक्के बफर (जादा घरं), म्हणजे ३,१५०. तुमच्या तक्त्यात ३,२०० घरं, म्हणजे ५.०८ वर्षांचा साठा. विकासकाच्या अपिलात इन्स्पेक्टरनं १२० घरांची एकच आउटलाइन साइट वगळली, की उरतात ४.८९ वर्षं. साठा पाच वर्षांच्या खाली गेला, की एनपीपीएफचा परिच्छेद ११(डी) लागू होतो, पारडं परवानगीकडे झुकतं, आणि प्लॅनमध्ये नसलेल्या शेतावरही घरं मंजूर होऊ शकतात. एका ओळीपायी!

सल्लागारांचे तयार बिल्ड-आउट दर (वर्षाला किती घरं बांधून होतात ते आकडे) जसेच्या तसे उचलणं मला अजिबात पटत नाही. साइटवर पायी जा. मार्गदर्शक शोधताना पद बघू नका, अपिलात उलटतपासणीला तोंड दिलेला माणूस गाठा. तो तुमचा तक्ता विरोधी वकिलाच्या नजरेनं वाचेल.

आणि एखादी साइट सहा ते दहा वर्षांच्या रकान्यात गेली म्हणून मन खट्टू करू नका. ती बाद झालेली नसते. पुरावा आला की पुढच्या वर्षीच्या आढाव्यात तिला पुन्हा वर आणता येतं.