विदर्भातल्या खेड्यातल्या घरासाठी डायलिसिस यंत्र बनवताना

पोर्टेबल म्हटलं की डिझायनर आधी यंत्राचं वजन कमी करायला लागतात. त्याआधी घरात पाणी किती वाहून न्यावं लागेल, ते मोजा. किडनी निकामी झाली की तिचं काम डायलिसिसने करतात. रक्ताच्या डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर यंत्रातून गाळतात, त्यासाठी मिनिटाला ५०० मिलिलिटर द्राव चार तास वाहतो, म्हणजे १२० लिटर. आरओमधून जेवढं शुद्ध पाणी निघतं, तेवढंच किंवा जास्त वाया जातं. म्हणजे नळाचं किंवा बोअरचं अडीचशे लिटर तरी हवं, तेही आठवड्यातून तीनदा. पोटाच्या डायलिसिसला, म्हणजे पोटात द्राव भरून काही तासांनी काढायच्या पद्धतीला, दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या लागतात आणि त्या तयार, निर्जंतुक येतात. म्हणून नळ एक दिवसाआड येणाऱ्या गावासाठी सुरुवात पोटाच्या डायलिसिसच्या सायकलरपासून (रात्री झोपेत द्राव आपोआप भरणारं-काढणारं यंत्र) करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रक्ताचंच यंत्र करायचं असेल तर पाण्याची तपासणी त्या घरच्या बोअरची करा, शहरातल्या प्रयोगशाळेच्या नळाची नको. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरला फ्लोराइड आहे, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा तर सगळ्यांना ठाऊक आहे. डायलिसिसच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. बोअरला ३ मिलिग्रॅम असेल आणि आरओने ९० टक्के काढलं, तरी ०.३ उरतंच. म्हणजे एका आरओवर भागत नाही. शिवाय ग्रामपंचायत टाकीत ब्लीचिंग पावडर टाकते. तो क्लोरीन आणि त्यापासून बनणारं क्लोरामाइन आरओतून पार होतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. आरओच्या आधी कार्बनची टाकी लागते, आणि प्रत्येक डायलिसिसआधी एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली आहे हे पट्टीवर बघावं लागतं. ही पट्टी न तपासता यंत्र सुरूच होणार नाही, असं सॉफ्टवेअर लिहा.

विजेचा हिशेबही इथेच ठरतो. दोन लिटरची पिशवी २५ अंशांवरून ३७ वर न्यायला साधारण २८ वॅट-तास लागतात, रात्रभराच्या दहा लिटरला १४०. जानेवारीत पिशवी १२ अंशांवर असेल तर २९० धरा. घरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० असतात. जुनी असेल तर निम्मे धरा, तरी काम होतं. रक्ताच्या यंत्राला तेच १२ अंश वाढवायला सतत ४२० वॅट लागतात, चार तासांत जवळपास १७००. तिथे ती बॅटरी टिकत नाही. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं, तेव्हा २३० चा साधा हीटर ५५ टक्केच तापतो. मग द्राव गार राहतो आणि यंत्र उगाच थांबतं. १५० ते २७० व्होल्ट पेलणारा पॉवर सप्लाय घ्या. खेड्यात अर्थिंगवर विसंबू नका, दुहेरी इन्सुलेशनच ठेवा.

लाईन गेल्यावर पोटाचं यंत्र बंद पडलं तर बिघडत नाही. क्लॅम्प लावायचा, टोपी बसवायची, लागलं तर हाताने पिशवी टांगायची. त्यासाठी हातानं करायचं सामान खोक्यातच असावं. रक्ताच्या यंत्रात मात्र शरीराबाहेर असलेलं १५०-२५० मिलिलिटर रक्त गोठू शकतं. पंपाला हाताने फिरवायची दांडी हवीच. सुई निसटली तर दाबाचा अलार्म दर वेळी वाजतोच असं नाही, म्हणून हाताखाली ओल ओळखणारा सेन्सरही ठेवा.

उन्हाळ्याचं काय? घरगुती वैद्यकीय उपकरणांचं आंतरराष्ट्रीय मानक ४० अंशांपर्यंत चालण्याची अट घालतं. अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं आणि टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. चाचणी ५० अंशांवर घ्या. नुसता हीटर असलेलं यंत्र इथे अर्धवट ठरतं, कारण मेमध्ये पिशवीच ४० च्या वर असते. द्राव ४० च्या वर असेल तर तो पोटात जाऊच देऊ नये. पिशवी थंड होण्यासाठी ओलं फडकं टाकता येईल असा उघडा ट्रे पुरे, पण विजेचे भाग त्याच्या वर असावेत.

घरातली बाज विसरू नका. गुरुत्वाने द्राव काढायचा तर पेशंट निचऱ्याच्या पिशवीपेक्षा उंच हवा. खाली सतरंजीवर झोपणाऱ्याचं पोट रिकामं होतच नाही, अलार्म मात्र रात्रभर वाजतो. द्राव ओढून घेणारा पंप द्या, किंवा यंत्राच्या सूचनेत बाजेची किमान उंची लिहा.

जोडणीकडे सर्वात जास्त वेळ द्या. जंतू बहुधा तिथूनच शिरतात. जोडणारी व्यक्ती म्हणजे बहुधा पेशंटची बायको किंवा सून, दिवसभर निंदण किंवा कापूस वेचून आलेली. आणि पेशंट मधुमेही असेल तर नजर अंधूक, बोटं बधिर. कनेक्टरची टोपी बोटांत मावेल एवढी जाड, खरखरीत असावी, आणि पूर्ण बसल्यावर हाताला खट्ट जाणवावं. ओल्या हातांनी, मंद उजेडात दहा जणांकडून जोडून बघा. कुठेही टोकाला बोट लागलं तर आकार बदला. ग्लुकोजच्या तीन तीव्रतांच्या पिशव्यांवर रंगाबरोबर उंचवट्याचे एक, दोन, तीन ठिपके हवेत. चुकून ४.२५ टक्क्यांची लागली तर पाणी जास्त ओढलं जाऊन बीपी पडतं. जोडणीच्या वेळी पंखा आणि कूलर बंद करायला यंत्राने आठवण करावी, कारण कूलरचा वारा धूळ थेट टोकावर आणतो. त्याच कूलरच्या आवाजात बारीक बीप ऐकू येत नाही. अलार्म मोठा, जाड आवाजाचा आणि बोलून सांगणारा हवा, मेळघाटात कोरकूत, भामरागडकडे माडियात.

निचऱ्याची नळी थेट मोरीत सोडू नका. संसर्गाची पहिली खूण म्हणजे गढूळ द्राव, आणि तो मोरीत गेला की कोणाला दिसत नाही. नळीत पारदर्शक कप्पा ठेवा, मागे काळ्या रेघा छापा. रेघा पुसट दिसल्या तर नर्सला फोन. निचरा मंद झाला तर पडद्याने आधी नळी मुडपली का, कूस बदलून बघा, पोट साफ आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. बद्धकोष्ठता हे फार नेहमीचं कारण आहे.

द्रावात ग्लुकोज असल्याने सांडलं की मुंग्या येतात, म्हणून हवेच्या जाळ्या बारीक, धुता येतील अशा घ्या. सोयाबीनच्या मळणीची धूळही त्यांतच अडकते.

दिवसाला आठ लिटर धरले तरी महिन्याचा साठा म्हणजे २४० लिटर, नुसता द्रावच २४० किलोहून जास्त. एका खोक्याचं वजन एका बाईने एसटीच्या थांब्यापासून घरी नेता येईल एवढं ठेवा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा गावांत पावसाळ्याआधी वाढीव साठा पोचवा, आणि तो भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच रचता यावा म्हणून खोक्यासोबत फळी द्या.