शाळेच्या लिनक्स संगणकांवर आधी ‘सुडो’ अद्ययावत करा
यवतमाळ, गडचिरोलीकडील ज्या शाळांत भारनियमन आणि तुटक्या इंटरनेटमुळे उबुंटू या लिनक्स प्रणालीचे संगणक महिनोन्‌महिने अद्ययावत होत नाहीत, तेथे प्रशासकीय अधिकार देणारे ‘सुडो’ हे साधन प्रथम तपासावे. जानेवारी २०२१ मध्ये उघड झालेला त्यातील दोष २०११ पासून दडून होता आणि सुडोची परवानगी नसलेल्या साध्या खात्यालाही त्यामुळे ‘रूट’चे, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासक खात्याचे, सर्वाधिकार मिळवता येत; म्हणजे विद्यार्थ्यांचे खाते मर्यादित ठेवले, एवढ्यावर विसंबता येत नाही. २०२५ मधील आणखी एक गंभीर दोष १.९.१७पी१ या आवृत्तीत दुरुस्त झाला. मात्र नुसता आवृत्तीचा आकडा पाहून घाबरू नये, कारण उबुंटू बहुधा जुन्याच आकड्यात दुरुस्ती बसवून देते. मोबाइलचा डेटा अपुरा असेल, तर अपडेटच्या यादीतील इतर खुणा काढून केवळ सुडोवर खूण ठेवावी.