जकातीचा हिशेब असा मांडा

रमजान लागला की जकातीचा, म्हणजे मुसलमानांनी दरवर्षी गरजूंना द्यायच्या बंधनकारक दानाचा, हिशेब करायला मी वही काढते. आमच्या हनफी, म्हणजे सुन्नी मुसलमानांतल्या एका परंपरेच्या, रीतीप्रमाणे सोनं, चांदी, रोकड, बँकेतली शिल्लक, दुकानातला विक्रीचा माल, सगळं आजच्या भावाने लिहा. हातातल्या बांगड्याही धरा. घडणावळ सोडा, सोन्याचंच वजन घ्या. राहतं घर, वापरातली स्कूटर धरायची नाही. देणी वजा करा. उरलेलं साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकं भरलं आणि चांद्र वर्ष उलटलं असेल, तर अडीच टक्के काढा: लाखाला २,५०० रुपये.

आईवडील, मुलं, नवरा यांना जकात चालत नाही. गरजू बहिणीला चालते. मी तर म्हणेन, आधी तिलाच द्या. पाकिटावर ‘जकात’ लिहू नका, देणाऱ्याची नियत पुरते. ईदच्या बरंच आधी पोचवा, मुलांचे कपडे वेळेत शिवून होतात.