‘गिफ्ट’चा माग: सारख्या दिसणाऱ्या शब्दांचं कार्ड कसं करावं

जर्मन शिकायला लागलं की कुठल्यातरी डब्यावर ‘गिफ्टफ्राय’ दिसतं आणि ‘भेटवस्तू मोफत’ असं वाचायचा मोह होतो. खरा अर्थ ‘विषमुक्त’. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! असे शब्द नुसते पाठ करून डोक्यात राहत नाहीत, त्यांचं कार्ड करावं लागतं.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून पाच बाय तीन इंची कोरी कार्डं आणा. एका शब्दाला एक कार्ड, एका भाषेला एक ओळ. ओळीत चार गोष्टी हव्यात: नाम की विशेषण, लिंग, उच्चार, अर्थ. उच्चार देवनागरीत लिहा, रोमन स्पेलिंगच्या भरवशावर राहू नका; फसवणूक तिथेच होते.

‘गिफ्ट’चं कार्ड साधारण असं भरतं:

जर्मन: नाम, नपुंसकलिंग, ‘गिफ्ट’, विष.
डच: नाम, ‘खिफ्ट’ (ख घशात घासून), देणगी. विषाला ‘खिफ’, शेवटचा ट नाही.
स्वीडिश: नाम, नपुंसकलिंग, ‘यिफ्ट’, विष. विशेषण, तोच उच्चार, विवाहित.
इंग्रजी: नाम, भेट.

लिंगाचा रकाना गाळायची सवय असते, पण धागा बहुतेकदा तिथेच सापडतो. जर्मनमध्ये विष नपुंसकलिंगी, पण ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा, तो स्त्रीलिंगी. ‘मिट’ म्हणजे सोबत. सोबत दिलेलं ते मिटगिफ्ट. म्हणजे ‘देणं’ हा जुना अर्थ हुंड्यात तगून राहिला.

आता कार्ड उलटा आणि मागे सर्वांत जुना अर्थ लिहा. त्यासाठी खिशातला कोश पुरत नाही, ऐतिहासिक कोश लागतो. जर्मनसाठी ग्रिम बंधूंनी सुरू केलेला कोश आहे. पहिला खंड 1854 चा, आता इंटरनेटवर फुकट शोधता येतो. शब्दाचे अर्थ काळाच्या क्रमाने कसे लावतात हे पाहायचं असेल, तर आपल्या डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाचा एखादा खंड चाळा.

‘गिफ्ट’मागचं मूळ क्रियापद ‘देणे’. त्याला शेवटी लागलेला ‘ट’ म्हणजे संस्कृतातल्या कृति, मति यांतल्या ‘ति’चाच भाऊबंद. विषाचा अर्थ आला औषधाच्या वाटेने: ग्रीक ‘दोसिस’ म्हणजे देणं, मग वैद्याने दिलेली मात्रा, जर्मन शब्द त्याच चालीवर चालला आणि पुढे विषापुरता उरला. आपण डॉक्टरांकडून घेतो तो ‘डोस’ही तिथलाच. स्वीडिश ‘विवाहित’ तर मराठी माणसाला समजावून सांगायलाच नको. ‘मुलगी कुठे दिली?’ असं आपण आजही विचारतो.

इंग्रजीच्या ओळीत एक गंमत नोंदवा. जुन्या इंग्रजीत उच्चार ‘यिफ्ट’ होता आणि अर्थ वधूमूल्य. आजचा कठोर ग स्कँडिनेव्हियन लोकांकडून आला, आणि आज स्वीडिश लोक मात्र ‘यिफ्ट’ म्हणतात.

शेवटी नात्याची पडताळणी. नुसता चेहरा जुळला म्हणून सोयरीक जोडू नका. इंग्रजी ‘बॅड’ आणि आपल्याकडे बदनाम, बदमाश यांतून आलेला फारसी ‘बद’ यांचा अर्थ एक, पण नातं शून्य, निव्वळ योगायोग. उलट जर्मन ‘बाड’ (लिहिताना ड, उच्चार मात्र ‘बाट’) म्हणजे स्नान, आणि तो इंग्रजी ‘बाथ’चा सख्खा. कसोटी अशी: इंग्रजीत ‘थ’ तिथे जर्मनमध्ये ‘ड’ हा बदल इतर शब्दांतही दिसतो का? थिंग–डिंग, थॉर्न–डोर्न, थँक–डांकं. तीन-चार जोड्या मिळाल्या तरच कार्डावर ‘नातेवाईक’ लिहा. एकच जोडी मिळाली तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवा.