घरामागे खेळाचं कोर्ट बांधताय? या चुका टाळा

नाशिकच्या मखमलाबाद शिवारात आमच्या घरामागे 60 बाय 30 फुटांची जागा रिकामी होती. पूर्वी तिथे द्राक्षबाग होती. मुलांना बॅडमिंटन आणि बास्केटबॉल खेळता यावं म्हणून तिथे कोर्ट केलं. एक पावसाळा गेला, उन्हाळा आला आणि कोर्टाला आडवी भेग पडली. पाच रुपयांचं नाणं उभं धरलं तर आत जायचं. शेवटी सगळं फोडून पुन्हा केलं. आता ओळखीतलं कोणी विचारायला आलं की पहिला प्रश्न रंगाचा असतो, निळा घ्यावा की हिरवा. माझं कळकळीचं सांगणं असतं, आधी माती बघा.

काळी माती आणि पाणी

काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं की तेही तिच्याबरोबर वर-खाली होतं आणि तडकतं. दुसऱ्या वेळच्या मिस्त्रींनी पहार मारून एक ढेकूळ काढलं, ओलं केलं आणि तळहातावर त्याची लांब वळी करून दाखवली. म्हणाले, "भाऊ, ही बघा कशी वळतीये. मुरूम लागेस्तोवर काढावीच लागंल." पावणेदोन फुटांवर मुरूम, म्हणजे मातीखालचा कडक खडकाळ थर, लागला. तुमच्याकडे काळी फारच खोल असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खड्डा भरतानाही घाई नको. सहा-सहा इंचांचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. एकदम भरलेला भराव नंतर बसतो आणि कोर्टाच्या मधोमध बशीसारखा खोलगटपणा येतो. मुरुमावर खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, मग जाळी आणि काँक्रीट. प्लास्टिक वगळून पैसे वाचवू नका. जमिनीतली ओल तेच अडवतं.

आता उतार. अगदी सपाट कोर्टवर पाणी साचणारच. शंभराला एक उतार पुरतो, म्हणजे 30 फूट रुंदीला साडेतीन इंच, आणि खेळताना तो जाणवतही नाही. मात्र तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, एकाच दिशेने हवा. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने नेटखाली उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार काढला होता. त्यामुळे मागच्या रेषेवर उभं राहिलं की आपण नेटच्या पायथ्यापेक्षा अडीच इंच खाली! काँक्रीट यायच्या आधी, ते अडवायला बाजूने लावलेल्या चॅनेलवर स्वतः लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, धरून बघा. आमच्याकडे एक टोक आईने धरलं होतं. नळीत बुडबुडा राहिला की माप चुकतं, हे तिच्याच नजरेत आलं. पाणी शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे काढू नका, आपल्या बोअरच्या शोषखड्ड्यात सोडा.

ओतणं, मुरणं, रंग

एवढ्या जागेला चार इंच जाडी म्हणजे 600 घनफूट, सहा ब्रास काँक्रीट. मिक्सरच्या साधारण तीन गाड्या लागतात. गाडी गल्लीत वळते का, ते आधी बघा. पहिलं काँक्रीट आवळलं आणि दुसरी गाडी अजून द्वारका चौकात अडकलेली असेल, तर तिथे कायमचा जोड पडतो. 24 तासांच्या आत कटरने 10 बाय 10 फुटांचे चौकोन पाडून घ्या, काप एक इंच खोल. म्हणजे आकसताना काँक्रीट त्या रेषेतच फुटतं.

मिस्त्री सवयीने वरून सिमेंट मारून घोटाई करतात. दिसायला छान, पण आरशासारख्या पृष्ठभागावर अ‍ॅक्रिलिक रंग धरत नाही. ओलं असताना झाडू फिरवून खरखरीत ठेवायला सांगा. मग पाणी साठून राहावं म्हणून वर बुटक्या कडांची आळी बांधून निदान 10 दिवस पाणी, आणि रंग 28 दिवसांनंतरच. आमच्याकडे रंगवाला दहाव्या दिवशीच डबे घेऊन हजर झाला होता. आम्ही लावू दिला आणि पावसाळ्यात जागोजागी फुगे आले. दिवस भरले तरी एक परीक्षा करा. प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालून थेंब दिसले तर थांबा.

नाशिकच्या हवेत दिवाळीनंतर खोदाई, डिसेंबर-जानेवारीत काँक्रीट आणि फेब्रुवारीअखेर रंग हा क्रम बरा. पारा 10 अंशांखाली असताना अ‍ॅक्रिलिक नीट बसत नाही, आणि मेच्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर तर मुळीच लावू नये.

कोर्टाची लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवा, नाहीतर संध्याकाळचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. कोर्टाखाली ड्रेनेजचं चेंबर किंवा सेप्टिक टँक गाडला जाऊ देऊ नका. सामासिक अंतराचं, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेचं, तुमच्या आर्किटेक्टला आधीच विचारा.

बास्केटबॉलच्या खांबाचा पाया स्लॅबच्या आधी आणि वेगळा घ्या. रिंगची उंची 3.05 मीटर, ती तयार पृष्ठभागापासून मोजायची, मातीपासून नाही. 30 फुटांत तीन गुणांची 6.75 मीटरची रेषा कोपऱ्यांत मावत नाही, फक्त समोरची कमान मिळते. हे मुलांना आधीच सांगा. बॅडमिंटन दुहेरीचं आणि पिकलबॉलचं (लाकडी फळीसारख्या बॅटने, भोकांच्या प्लास्टिक चेंडूने खेळतात तो) कोर्ट मात्र जवळपास एकच, 13.40 बाय 6.10 मीटर. उघड्यावर शटल वाऱ्याने भरकटतं, त्यामुळे आमच्याकडे आता पिकलबॉलच जास्त चालतो.

कोर्ट झालंय, पण बिघडलंय?

पाऊस थांबल्यावर तासाभराने बघा. डबक्यात नाणं आडवं ठेवून ते बुडत असेल तर खडूने कड आखा आणि तेवढाच भाग पॅचचा माल भरून बाकीच्या पातळीला आणा. फुगा आला असेल तर कापून काढा, पूर्ण वाळू द्या, मगच रंग. शेवाळ मऊ ब्रशने काढा, तारेच्या ब्रशने रंगच निघतो.

भेगेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. एक कड वर लागत असेल तर खालची माती हलते आहे, वरून कितीही रंग लावा, फुकट जाईल. कडा सारख्या असतील तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, आणि मेमध्ये व सप्टेंबरमध्ये पुन्हा बघा. नव्या कोर्टवर आंब्याच्या बाजूला अशी एक केसाएवढी भेग आहे. दोन पावसाळे झाले, ती खुणेच्या पुढे गेलेली नाही. येत्या फेब्रुवारीत ती भरून घेणार आहोत.